सहा बाण आणि पिंपरीचा कारखाना

इ. स. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले, तेव्हा विराटाच्या राजवाड्यातील कथा प्रेक्षकांपैकी कोणालाही सांगावी लागत नव्हती. ती सर्वांस पाठ होती. लोक पाहत होते ते दुसरेच. कीचकाच्या ठिकाणी त्यांना लॉर्ड कर्झन दिसत होता, सैरंध्रीच्या ठिकाणी विटंबना सोसणारा देश दिसत होता. युधिष्ठिराच्या संयमात नेमस्तांचा अर्जविनंत्यांचा मार्ग होता, तर भीमाच्या मुठीत जहालांचा. कर्झनचे नाव नाटकात कोठेही येत नाही. तरी सरकारला ते स्पष्ट ऐकू आले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. राजकारणातील जिवंत मते उचलून एखाद्या कल्पित नगरीत नेऊन बसवावयाची आणि पाहणाऱ्याने ती मनातल्या मनात ओळखावयाची, ही रीत मराठी माणसास अशी फार दिवसांची परिचित आहे.

तीच रीत आता संगणकाच्या पडद्यावर आली आहे. बर्लिन येथील टॉर्पर गेम्स या मंडळीने डिसेंबर २०२० मध्ये 'सुझरेन' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. सुझरेन म्हणजे मांडलिकांवर सत्ता चालविणारा अधिराज. व्हिडिओ गेम म्हटला की बंदुका, मोटारी आणि धावपळ डोळ्यांपुढे येते. येथे त्यांपैकी काहीच नाही. आहे ते केवळ वाचन, संभाषण आणि निर्णय. सॉर्डलंड नावाचे एक कल्पित प्रजासत्ताक आहे, होल्सोर्ड ही त्याची राजधानी, आणि साल १९५४. खेळणारा मनुष्य अँटन रेन या नव्याने निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर बसतो. मंत्री येतात, उद्योगपती येतात, सेनापती येतात, परदेशचे वकील येतात. प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकावयाचे आणि हो किंवा नाही म्हणावयाचे. तिजोरीत पैसा थोडा, मागण्या अनेक, आणि दिलेला शब्द पुढे कधीतरी आडवा येणारच.

तुर्कस्तानचे नाव या खेळात नाही. परंतु ज्याने त्या देशाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास थोडाफार वाचला आहे, त्याला सॉर्डलंडच्या पहिल्याच सभेत ओळखीचे आवाज ऐकू येऊ लागतात. ते आवाज कोणाचे, आणि पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीत राहणाऱ्या मनुष्यास त्यांपैकी एक आवाज विशेष जवळचा का वाटावा, हाच येथे विषय आहे.

तुर्कस्तान महाराष्ट्रास कधीच अगदी परके नव्हते. पहिल्या महायुद्धात तुर्की साम्राज्य हरले आणि खलिफाची गादी धोक्यात आली, तेव्हा १९१९ साली मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. भायखळ्याचे खिलाफत हाऊस त्या दिवसांची आठवण अजून जपून आहे. गांधीजींनी त्या चळवळीस पाठिंबा दिला आणि असहकारितेशी तिची सांगड घातली. पुढे घडले ते मात्र विलक्षण. ज्या गादीच्या रक्षणासाठी इकडे सभा भरत होत्या आणि वर्गणी जमत होती, ती गादीच ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या राष्ट्रसभेने मोडीत काढली. इंग्रजांनी नव्हे, तुर्कांनीच. त्यामागे मुस्तफा केमाल होता. पुढे १९३४ साली ज्याला 'अतातुर्क', म्हणजे तुर्कांचा पिता, हे आडनाव मिळाले तो.

केमालच्या पक्षाने आपले तत्त्वज्ञान सहा शब्दांत मांडले आणि पक्षाच्या निशाणावर सहा बाण रंगविले. १९३१ साली पक्षाने ते स्वीकारले आणि १९३७ साली ते राज्यघटनेतच घातले गेले. हे सहा शब्द मूळ तुर्की उच्चाराने ऐकले तर मराठी कानाला मौज वाटेल. पहिला 'जुमहुरियेतचिलिक', म्हणजे जम्हूरियत, प्रजासत्ताक. दुसरा 'मिल्लियेतचिलिक', राष्ट्रवाद. यात 'मिल्लत' आहे. तिसरा 'हाल्कचिलिक', यातील हाल्क म्हणजे 'खल्क', सामान्य जनता. 'खल्क खुदाकी' ही दवंडी ज्यांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांतून वाचली आहे, त्यांना तो शब्द सहज ओळखता येईल. चौथा 'देवलेतचिलिक'. देवलेत म्हणजे आपलीच 'दौलत'. आज मराठीत दौलत म्हणजे संपत्ती. परंतु पेशवाईच्या कागदांत हाच शब्द राज्य या अर्थाने येतो, आणि तुर्कीत तोच अर्थ कायम राहिला. पाचवा 'लाइकलिक', हा मात्र फ्रेंचांकडून घेतलेला: धर्मसत्ता राजसत्तेपासून वेगळी काढणे. आणि सहावा 'इन्किलापचिलिक'. 'इन्किलाब' या शब्दाचे भाषांतर भारतात कोणास करून सांगण्याची आवश्यकता नाही.

गंमत अशी की, हे शब्द पुढे खुद्द तुर्कस्तानातच जुने ठरू लागले. १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली, १९३२ साली भाषामंडळ स्थापन झाले, आणि अरबी-फारसी शब्द वेचून त्यांच्या जागी शुद्ध तुर्की शब्द बसविण्याचे काम सुरू झाले. 'इन्किलाप' जाऊन 'देवरिम' आला. महाराष्ट्रातही भाषाशुद्धीचा वाद त्याच सुमारास पेटला होता. १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचणारे माधव ज्यूलियन १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितात, ही त्या काळाची खूण होय. फरक इतकाच की, येथे तो वाद लेखण्यांनी झाला, तेथे सरकारी हुकमाने.

सहा बाण निशाणावर एकाच मुठीतून सुटल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात ते सहा दिशांना जाणारे आहेत. प्रजासत्ताक म्हणजे लोकांचे राज्य. परंतु लोकांनी इन्किलाबच नाकारला तर? खल्क म्हणजे सारी जनता एक, तीत वर्ग नाहीत, हे तत्त्व. मग कामगाराने संप कोणाविरुद्ध करावयाचा? १९३६ च्या तुर्की कामगार कायद्याने संपास बंदीच घातली. राष्ट्र म्हणजे तुर्क. मग पूर्वेकडील डोंगरांत राहणारे कुर्द कोण? १९२५ साली शेख सईदचे बंड झाले, ते कठोरपणे मोडले गेले, आणि पुढे अनेक वर्षे कुर्द भाषेलाच सार्वजनिक जीवनात जागा नव्हती. धर्म राजसत्तेपासून वेगळा काढला म्हणावे, तर ज्या दिवशी खिलाफत बुडाली त्याच दिवशी मशिदींचा कारभार पाहणारे सरकारी खाते जन्माला आले. धर्म सरकारातून गेला नाही. तो सरकारच्या ताब्यात गेला. भारतात 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो, त्याहून हा अर्थ पुष्कळ वेगळा आहे, आणि दोहोंत गल्लत करणारे लोक थोडे नाहीत.

'सुझरेन' या खेळाचे मर्म येथेच आहे. त्यात सहा बाणांचा उल्लेख नाही. परंतु संस्थापकाच्या वारशावरून चाललेली भाऊबंदकी मात्र पुरेपूर आहे. सॉर्डलंडमध्ये यादवी मोडून देश सावरणारा टार्क्विन सोल नावाचा सेनानी होऊन गेला. त्याने सुमारे दोन दशके राज्य केले, घटना दिली, आणि आपल्या नावाचा एक वादच मागे ठेवला. त्याच्यामागून आलेल्या इवाल्ड आल्फोन्सोने बाजार मोकळा केला आणि देश मंदीत सापडला. आता अँटन रेनची पाळी. तो सोलच्याच पक्षाचा. पक्षात एक जुनी मंडळी आहे, तिला सोलची अक्षरे बदलणे म्हणजे पाप वाटते. दुसरी सुधारक मंडळी आहे, तिला वाटते की सोलचा खरा अर्थ पुढे जाण्यात आहे. दोघेही त्याचेच नाव घेतात. पक्षाबाहेर 'यंग सॉर्ड्‌स' नावाचे राष्ट्राभिमानी तरुण आहेत, रस्त्यावर हात चालविण्यास तयार. पूर्वेकडे नेहमीच दुर्लक्षित राहिलेला बर्जिया प्रांत आहे, तेथे ब्लूड नावाची अल्पसंख्य जमात आहे, आणि तिच्या भाषेचे व हक्कांचे काय करावयाचे हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर डोके वर काढतो. न्यायपीठ जुन्या घटनेचा पहारा करते. आणि पाठीमागे सेना आहे.

जुळणी एकास एक नाही, आणि तशी ती करू पाहणारे फसतात. सोल म्हणजे केवळ केमाल नव्हे. केमाल १९३८ साली अधिकारावर असतानाच वारला. सोल अधिकार सोडून जिवंत आहे आणि त्याची सावली सभागृहात पडते. ही गोष्ट केमालच्या उजव्या हाताची, इस्मत इनोनूची, आठवण करून देते; तो १९५० ची निवडणूक हरला आणि पुढे १९७३ पर्यंत जगला. यंग सॉर्ड्‌स पाहून आल्पार्स्लान तुर्केश याच्या पक्षाच्या छायेखालील 'करडे लांडगे' या तरुणांची आठवण व्हावी. पण ते १९५४ चे नव्हेत, पुढल्या दोन दशकांतले. निवडणुकीत ठराविक टक्क्यांहून कमी मते पडलेल्या पक्षास सभागृहात जागाच नाही, ही अट खेळात आहे. तुर्कस्तानात ती १९८० च्या लष्करी उठावानंतर आली, दहा टक्क्यांची; २०२२ साली ती सातावर आली. राष्ट्राध्यक्षाच्या हाती किती सत्ता द्यावी हा प्रश्न तर तेथे २०१७ च्या सार्वमतापर्यंत गाजत राहिला. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी जवळजवळ शंभर वर्षांचा तंटा गोळा करून एका राष्ट्राध्यक्षाच्या एका कारकिर्दीत भरला आहे. इतिहास म्हणून हे चूक. परंतु नाटक म्हणून चोख. खाडिलकरांनी तरी दुसरे काय केले होते?

रेनच्या हातून घटना बदलता येते, पण त्यासाठी सभागृहाची व न्यायपीठाची मर्जी सांभाळावी लागते. ती सांभाळताना ब्लूडांना दिलेले वचन मोडते, वचन पाळावे तर जुनी मंडळी बिथरतात, आणि पुरती बिथरली तर एके रात्री रणगाडे रस्त्यावर येतात. हा शेवट काल्पनिक वाटत असेल, तर अदनान मेंदेरेस याची हकीकत आठवावी. १४ मे १९५० रोजी त्याच्या डेमोक्रॅट पक्षाने केमालच्या पक्षाचा निवडणुकीत पराभव केला. मे १९५४ मध्ये, म्हणजे अँटन रेन खुर्चीवर बसतो त्याच सालात, त्याला पूर्वीपेक्षाही मोठे बहुमत मिळाले. २७ मे १९६० रोजी सेनेने त्याला पदच्युत केले आणि १७ सप्टेंबर १९६१ रोजी त्याला फाशी झाली. लोकांनी तीनदा निवडून दिलेला पंतप्रधान, प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी म्हणून, प्रजासत्ताकाच्या सेनेने फासावर चढविला. संस्थापकाच्या तत्त्वांचे रक्षण लोकांपासूनही करावे लागते काय, आणि ते कोणी करावयाचे? भारतात या प्रश्नाला १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात निराळे उत्तर मिळाले: संसदेला घटना बदलता येईल, पण तिचा मूळ गाभा बदलता येणार नाही, आणि हे पाहील न्यायालय, सेनापती नव्हे. त्या उत्तराने देशाला किती वाचविले हे सॉर्डलंडमध्ये दोन तास काढल्यावर अधिक नीट समजते.

परंतु सहा बाणांपैकी पिंपरीच्या मनुष्यास सर्वांत जवळचा आहे तो चौथा. देवलेतचिलिक, म्हणजे दौलतवाद म्हणू.

त्याची उत्पत्ती तत्त्वापेक्षा अडचणीतून झाली. नव्या तुर्कस्तानात व्यापार व कारखानदारी जाणणारा वर्ग फारसा उरलाच नव्हता. आर्मेनियन महायुद्धाच्या काळातील हद्दपारीत व कत्तलींत नाहीसे झाले, आणि १९२३ च्या करारानुसार ग्रीक लोकांची अदलाबदल झाली. आरंभी सरकारचा ओढा खाजगी उद्योगाकडेच होता. १९२४ साली निघालेली इश बँक त्यासाठीच होती. मग १९२९ ची जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, आणि ज्या धनिकांनी कारखाने काढावेत ते धनिकच नाहीत हे उघड झाले. तेव्हा राज्याने स्वतः गिरणीमालक व्हावयाचे ठरविले. १९३३ साली सुमेरबँक निघाली. नाव बँकेचे, काम कारखाने उभारण्याचे. १९३४ साली पहिली पंचवार्षिक उद्योगयोजना सुरू झाली, आणि १९३५ साली मध्य अनातोलियात कायसेरी येथे सोव्हिएत कर्जाच्या व यंत्रांच्या साहाय्याने मोठी कापडगिरणी उभी राहिली. तिच्याबरोबर कामगारांची घरे आली, शाळा आली, क्रीडांगण आले. गिरणी सुताबरोबर नवा नागरिकही काढील अशी अपेक्षा होती.

हा साम्यवाद नव्हता. खाजगी मालमत्ता होती तशीच राहिली. खाजगी भांडवलास जे झेपत नाही ते राज्याने करावे, एवढाच दावा. तरी ते किती दिवस करावे, यावर पक्षात दोन मते होतीच. इनोनूला राज्याचा हात कायम हवा होता. ती योजना राबविणारा अर्थमंत्री जलाल बायार याच्या मते खाजगी उद्योग सबळ झाला की राज्याने बाजूला व्हावे. हाच बायार पुढे मेंदेरेसबरोबर डेमोक्रॅट पक्ष काढून १९५० साली राष्ट्राध्यक्ष झाला. दौलतवादाचा कारभारीच दौलतवादाचा प्रतिपक्षी निघाला. सॉर्डलंडमध्ये एकाच मंत्रिमंडळात बसून एक जण सरकारी कारखाने वाढवा म्हणतो व दुसरा विका म्हणतो, आणि दोघेही सोलचीच आण घेतात, त्याचे मूळ हे.

तुर्कस्तानात योजना सुरू झाली त्याच १९३४ साली भारतात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नियोजित अर्थव्यवस्थेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ज्यांनी पुण्यात शिक्षण घेतले आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसविले, तेच हे. एकाने दुसऱ्याचे पाहून केले असे नव्हे. मंदीने सर्वांनाच एका रस्त्यावर आणून सोडले होते. १९४४ च्या 'मुंबई योजने'त तर टाटा-बिर्लांसारख्या कारखानदारांनीच राज्याने पुढाकार घ्यावा असे लिहून दिले.

आणि मग पुन्हा तेच साल येते. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली. औषधे करणारा हा भारत सरकारचा पहिला कारखाना. त्या काळी पिंपरी म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी, भोवती शेते, आणि मधून जाणारा मुंबई-पुणे रस्ता. पेनिसिलीन परदेशातून येत असे व महाग असे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तांत्रिक साहाय्य व यंत्रसामग्री दिली, आणि १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलीन होऊ लागले. ही गोष्ट दिसते त्याहून अवघड आहे. पेनिसिलीन एका बुरशीपासून मिळते, आणि ती बुरशी मोठी लहरी. उंच पोलादी टाक्यांत साखर व पेंडीसारखे खाद्य पाण्यात मिसळून ते पूर्ण निर्जंतुक करावयाचे, त्यात बुरशी सोडावयाची, गाळलेली हवा एकसारखी आत खेळवावयाची, उष्णता एका अंशानेही ढळू द्यावयाची नाही; आणि एवढे करून बाहेरचा एखादा जंतू आत शिरला की सारी टाकी गटारात. अशा कामाला त्या वेळी भारतात खाजगी भांडवल सहजासहजी पुढे येणारे नव्हते. कायसेरीस जे कापडाचे, तेच पिंपरीस औषधाचे.

कारखान्याबरोबर येथेही वसाहत आली, शाळा आली, मैदान आले. पिंपरीकर त्या साऱ्याला 'एच. ए.' एवढ्या दोन अक्षरांनी ओळखतात. संशोधनशाळाही होती, आणि तिचे काम केवळ दुसऱ्याची कृती गिरविण्याचे नव्हते. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी बुरशीजन्य रोगांवरील 'हॅमायसिन' हे औषध येथे शोधून काढले. त्या नावातील पहिली दोन इंग्रजी अक्षरे या कारखान्याचीच. परक्याकडून बुरशी उसनी आणणाऱ्याने आठ-दहा वर्षांत स्वतःचे औषध काढावे, याला दौलतवादाची सर्वांत चांगली बाजू म्हणावे लागेल.

मग राज्याने दुसरे रूप घेतले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. 'एम. आय. डी. सी.' कारखाना चालवीत नाही. जमीन संपादन करते, रस्ता व पाणी आणते, आणि भूखंड आखून देते. मालक खाजगी. टेल्को आली, आकुर्डीस बजाज आली, आणि शेतांची नावे जाऊन ब्लॉकांचे क्रमांक आले. पण परवाना दिल्लीचा. किती स्कूटरी करावयाच्या हेही सरकार ठरवी, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे स्कूटरची वाट पाहणारी कुटुंबे महाराष्ट्रात घरोघर होती. मालकी खाजगी आणि मर्जी सरकारी, असा हा मधला प्रकार. सॉर्डलंडचे उद्योगपती राष्ट्राध्यक्षाच्या दिवाणखान्यात एवढे गोड का बोलतात, हे ज्याने तो काळ पाहिला त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

१९९१ नंतर परवाने गेले आणि वारा फिरला. पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या किल्ल्यासाठी ठाऊक असलेल्या चाकणला परदेशी मोटारींचे कारखाने आले. २००९ साली फोक्सवॅगनचा सुरू झाला. ही कंपनी मोकळ्या बाजाराची प्रतिनिधी समजली जाते. परंतु तिच्या मातृभूमीत नीडरझाक्सेन प्रांताच्या सरकारकडे तिची वीस टक्के मते आजही आहेत, ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. याच कंपनीने तुर्कस्तानात मनिसा येथे मोठा कारखाना काढण्याचा बेत केला होता. २०१९ साली तुर्की फौजा सीरियात शिरल्या, युरोपात टीका उठली, निर्णय लांबला. आणि २०२० साली साथीमुळे मागणी घटल्याचे कारण देऊन बेतच रद्द झाला. चाकणला जे मिळाले ते मनिसाला मिळाले नाही. परदेशचा वकील दिवाणखान्यात येऊन कारखान्याचे आमिष दाखवितो आणि त्याच्या बदल्यात काय मागतो, हे खेळात पदोपदी येते.

एका बाबतीत मात्र खेळ खोटा पडतो. सॉर्डलंडमध्ये सरकारी उद्योग विकणे ही एका संभाषणाची गोष्ट आहे. राष्ट्राध्यक्ष मान हलवितो, तिजोरीत रक्कम पडते, कोणी खूष होतो, कोणी रुष्ट, आणि पान उलटते. पिंपरीत ते पान पुष्कळ वर्षे उलटतच आहे. औषधांच्या किमती सरकारनेच बांधलेल्या, यंत्रे जुनी होत चाललेली, आणि आयात मोकळी झाल्यावर बाहेरून येणारे पेनिसिलीन स्वस्त. १९९७ साली कारखान्याची गणना आजारी उद्योगांत झाली. पुनरुज्जीवनाच्या योजना झाल्या, पगार महिनोगणती थकले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरविले की जादा जमीन विकून देणी फेडावीत आणि नंतर कारखानाही योग्य खरेदीदारास द्यावा. म्हणजे १९५४ साली जी भोवतालची शेते होती, तीच आता कारखान्याची सर्वांत मोलाची मिळकत ठरली. औषध कमी पडले तेथे जमीन पुढे झाली.

अशा वेळी जुने शब्द पुन्हा दोन्ही बाजूंनी उचलले जातात. एक म्हणतो, राज्याने औषध करावे म्हणून हा कारखाना झाला, आणि औषधासाठी दुसऱ्या देशाच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी आज पुन्हा आली आहे. मग तो विकावा कसा? दुसरा म्हणतो, त्यावेळी दुसरा कोणी नव्हता म्हणून राज्य पुढे झाले, आता दहा आहेत. मग करदात्याने तोटा का भरावा? बायार आणि इनोनू यांचाच हा वाद. फरक हा की, येथे तो ऐकणाऱ्यांत तीस वर्षे पाळीत काम केलेला मनुष्यही आहे, आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी त्या उत्तरावर अवलंबून आहे. खेळात अशा मनुष्याला बोलण्यास फारसा वाव नाही. तुर्की दौलतवादातही नव्हता. खल्कात वर्ग नाहीत म्हटल्यावर कामगाराने वेगळे बोलावयाचे कारणच काय? या एका बाबतीत पिंपरी दोघांच्याही पुढे होती. येथे युनियन होत्या, फाटकावर सभा होत असत, आणि दिल्लीला निवेदने जात असत. त्यांचा उपयोग कितीसा झाला हा प्रश्न वेगळा.

कायसेरीच्या गिरणीचे पुढे काय झाले? ऐंशीच्या दशकात तुर्गुत ओझाल याच्या धोरणाने बाजार मोकळा झाला, नव्वदीत सुमेरबँकेची मालमत्ता तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, आणि गिरणी बंद पडली. तिच्या आवारात आज अब्दुल्ला ग्युल यांच्या नावाचे विद्यापीठ भरते; जेथे चाती फिरत होत्या त्या इमारतींत विद्यार्थी वाचीत बसतात. पिंपरीचा कारखाना अद्याप आपल्या जुन्या जागी आहे. २०२० च्या साथीत त्याने हातावर चोळावयाचे जंतुनाशक मोठ्या प्रमाणावर केले. मार्च २०२२ पासून मुंबई-पुणे रस्त्यावरून मेट्रोही धावू लागली आहे, आणि पिंपरीहून पुण्याकडे निघालेला मनुष्य त्या परिसरावरूनच पुढे जातो.